अडीच फुटांचा अधिपती

ज्या गृहस्थाकडे स्वतःच्या घरातील न्हाणीघराचा रंग ठरवण्याचे काम आले आहे आणि जो ते काम काही केल्या संपू देत नाही, त्यास प्रस्तुत विवेचनात ‘रंगनिश्चयी’ ही संज्ञा दिली आहे. ही संज्ञा विपरीत लक्षणेने, म्हणजे शब्दाच्या नेमक्या उलट अर्थाने घ्यावयाची आहे, कारण निश्चय सोडून रंगासंबंधीचे सर्व काही या गृहस्थाजवळ असते. महाराष्ट्रात तो सर्वत्र आढळत असला, तरी त्याच्या अभ्यासासाठी मुळशी तालुक्यातील जांबे हे गाव विशेष सोयीचे आहे. हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान पार्क जवळ असल्याने मारुंजी, नेरे, जांबे या पट्ट्यात कालपरवापर्यंत जेथे भाताची खाचरे आणि उसाचे फड होते तेथे आता गृहसंकुले उभी आहेत, आणि नव्या सदनिकेचा ताबा मिळताच, ज्याला तेथे सर्वजण ‘पझेशन’ म्हणतात, रंगनिश्चयीच्या जीवनचक्राची पहिली अवस्था सुरू होते.

त्याच्या चिंतेचे क्षेत्र प्रत्यक्षात किती असते, हे आधी पाहिले पाहिजे. अशा सदनिकेतील न्हाणीघर साधारण ७ फूट लांब व ४.५ फूट रुंद धरले, तर त्याची परिमिती २३ फूट भरते. त्याच्या भिंतींना जमिनीपासून ७ फुटांपर्यंत बांधकाम व्यावसायिकाने स्वतःच्या पसंतीच्या टाइल्स आधीच बसवलेल्या असतात, या टाइल्सच्या भागास गवंडीकामात ‘डॅडो’ म्हणतात, आणि छताची उंची ९.५ फूट असल्यास रंगासाठी उरतो तो डॅडोच्या वरचा अडीच फुटांचा पट्टा. त्यात छत मिळवूनही एकूण क्षेत्र ९० चौरस फुटांच्या आतच राहते, ज्याला चांगल्या प्रतीच्या इमल्शनचा १ लिटरचा डबा दोन हातांना पुरून उरतो. येथे ‘हात’ म्हणजे रंगाचा एक थर, रंगनिश्चयीचा हस्तक्षेप नव्हे, जरी तो त्याहून अधिक वेळा होत असला तरी.

त्याच्या आजोबांना हा प्रश्न कधी पडला नव्हता. जुन्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील मोरी किंवा परसातील शहाबादी फरशीचे न्हाणीघर एवढीच स्नानाची व्यवस्था असे, तेथील भिंतींचा वरचा रंग बंबाच्या धुराने आणि खालचा शेवाळाने परस्पर ठरवलेला असे, आणि दिवाळीपूर्वी घराला सफेदी करताना उरलेल्या चुन्याचा एक हात तिकडेही फिरे. चुन्याला पिवळसर झाक दिसू नये म्हणून त्यात चिमूटभर नीळ टाकीत; ती चिमूट घालणाऱ्याचे बोट किती मोठे यापलीकडे छटेविषयीचा वाद जात नसे. शिवाय ओला असताना पाणचट दिसणारा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून वाळता वाळता पांढराशुभ्र होई. आजच्या इमल्शनची गोष्ट बहुधा उलटी आहे: त्यातील बंधक द्रव्य ओले असताना दुधाळ व वाळल्यावर पारदर्शक होत असल्याने रंग सुकताच गडद होतो. आजोबांचा निर्णय रात्रीतून उजळत असे, नातवाचा काळवंडतो.

रंगनिश्चयीचा प्रमुख ग्रंथ म्हणजे शेड कार्ड, अर्थात रंगाच्या कंपनीने छापलेली छटांची पुस्तिका. हिच्यात हजाराच्या वर छटा असून प्रत्येकीस क्रमांक व इंग्रजी काव्यात्म नाव असते, आणि ही नावे परदेशी पहाट, समुद्रकिनारे व मिठाया यांवरून घेतलेली असल्याने घरात त्यांचे भाषांतर करावे लागते. मराठीत रंगांच्या नावांची टंचाई नाही. मोरपंखी, आमसुली, अबोली, श्रीखंडी, डाळिंबी, अंजिरी, पारवा, मोतिया, गुलबक्षी अशी ही संपत्ती स्वयंपाकघरातून, बागेतून आणि साड्यांच्या दुकानातून भाषेत आलेली आहे. मात्र रंगनिश्चयीने महिनाभर विचार करून काढलेल्या छटेला आई जेव्हा ‘म्हणजे आपला शिळ्या वरणाचा रंग’ असे म्हणते, तेव्हा हीच संपत्ती त्याच्यावर उलटते. आईच्या मते पांढरा रंग दवाखान्यासारखा दिसतो, वडिलांच्या मते निळ्याने थंडी वाजते, आणि पत्नीचे म्हणणे एवढेच असते की, ‘अरे, आधी तो शॉवर गळतोय त्याचं बघ.’ गावाच्या नावातच जांभळाचा भास होत असूनही जांभळा रंग मात्र कोणी सुचवत नाही.

मतभेद वाढले की रंगनिश्चयी विज्ञानाकडे वळतो. अमेरिकन चित्रकार-शिक्षक आल्बर्ट मन्सेल याने १९०५ मध्ये रंगाचे वर्णन तीन गुणांनी करण्याची पद्धत मांडली: रंगाची जात, त्याचा उजळपणा आणि त्याची तीव्रता. रंगनिश्चयीस चौथा गुण ठाऊक असतो, तो म्हणजे दिव्याचा प्रकार. जे दोन रंग एका प्रकाशात सारखे व दुसऱ्यात वेगळे दिसतात त्यांस ‘समभासी’ म्हणता येईल. दुकानातील ६५०० केल्विनच्या पांढऱ्या प्रकाशात हुबेहूब जुळलेली टाइल आणि छटा घरातील ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली एकमेकींना ओळखही दाखवत नाहीत. परिणामी भिंतीवर नमुन्याचे तळहाताएवढे चौकोन उमटू लागतात, प्रत्येकाखाली पेन्सिलीने क्रमांक लिहिला जातो, आणि सकाळी, दुपारी व रात्री त्यांची पाहणी होते. पेंटर प्रत्येक वेळी ‘साहेब, ओला आहे, वाळला की दिसेल’ हे एकच वाक्य उच्चारतो. हे वाक्य वैज्ञानिकदृष्ट्या अचूक असून व्यावहारिकदृष्ट्या निरुपयोगी आहे. त्याने लांबी, म्हणजे भिंतीचे खड्डे बुजवणारा लेप, केव्हाच भरून घासून ठेवलेली असते, आणि ओल येऊन पोपडे सुटू नयेत म्हणून रंगापेक्षा झडपेचा पंखा महत्त्वाचा, हा त्याचा खरोखर मोलाचा सल्ला छटांच्या चर्चेत वाहून जातो.

एवढ्या लहान पट्ट्यासाठी एवढा मोठा खटाटोप का, या प्रश्नाचे उत्तर रंगशास्त्रात नाही. घर कोठे घ्यावे हे नोकरीच्या ठिकाणाने ठरवले, किती मोठे घ्यावे हे बँकेने, ताबा केव्हा द्यावा हे बांधकाम व्यावसायिकाने, देव्हारा कोठे ठेवावा हे वडिलांच्या वास्तुतज्ज्ञाने आणि ओटा किती उंच असावा हे पत्नीने, जे सर्वथा योग्यच होते. दिवाणखान्यावर सर्व नातलगांचा सामाईक हक्क होता, आणि इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला हात लावण्यास सोसायटीच्या नियमांची मनाई होती. वीस वर्षांच्या हप्त्यांच्या बदल्यात ज्यावर त्याचा शब्द अखेरचा ठरेल असा भूभाग टाइल्सच्या वर आणि छताच्या खाली तेवढा उरला. निर्णय झाला की राज्य संपते, हे त्याला मनोमन उमगलेले असते. म्हणून तो निर्णय देत नाही, सुनावणी पुढे ढकलतो.

ही सुनावणी शेवटी दिवाळी संपवते. नरक चतुर्दशीच्या पहाटे पाहुण्यांना अभ्यंगस्नान घालायचे असल्याने वसुबारसेला पेंटर स्वतःच मोतिया रंगाचा डबा आणतो, दोन हात मारतो आणि क्रमांक लिहिलेले सर्व चौकोन एका दुपारीत पुसून टाकतो. सणाला आलेल्यांपैकी कोणीही रंगाविषयी अवाक्षर काढत नाही. पाणी गरम होते का, एवढेच विचारतात. रंगनिश्चयी मात्र पराभूत होत नाही. या भागात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या संकुलांत नळाची धार बारीक असते आणि बादली भरण्यास बराच वेळ लागतो. तेवढा वेळ तो मान वर करून उभा राहतो, छताजवळचा उजवा कोपरा इतरांपेक्षा जरासा पिवळट आहे अशी नोंद करतो, आणि बादली भरून वाहू लागली, बाहेरून दारावर थाप पडली, तरी नळ बंद करण्याची घाई करत नाही.