साडूभाऊंची उंच गाडी

आमच्या लहानपणी मोठी माणसं खाली बसायची. डॉक्टरांची फियाट, साखर कारखान्याच्या चेअरमनची अँबॅसिडर, फारच झालं तर एखाद्या बागायतदाराची कॉन्टेसा. उंच गाडी म्हणजे जीप, आणि ती एक तर पोलिसांची, नाहीतर वनखात्याची, नाहीतर निवडणुकीचा भोंगा बांधलेली. सातारा-कोल्हापूरकडे तिचीच वडाप व्हायची. आत किती माणसं बसतात यापेक्षा मागे किती लोंबकळतात यावर वडापची क्षमता ठरायची. उंच गाडीतून उतरणाऱ्याला कोणी ‘या साहेब’ म्हणत नसे. सुटे पैसे मागत.

२००२ साली नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडली आणि हे चित्र बदलू लागलं. पुढाऱ्यांनी आधी ओळखलं, बिल्डरांनी नंतर. आता मंगल कार्यालयाबाहेर पाहावं तर वराकडची मंडळीसुद्धा गाडीतून उतरत नाहीत, अवतरतात. सरकारनेही या उंचीची रीतसर दखल घेतली होती. गाडी चार मीटरपेक्षा लांब, इंजिन पंधराशे सीसीच्या वर आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा जास्त असला की ती एसयूव्ही ठरायची आणि जीएसटीवर २२ टक्के उपकर लागायचा. तेवढीच ऐसपैस सेडान २० टक्क्यांत सुटायची. म्हणजे उंचीचे दोन टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोघींनाही सरसकट ४० टक्के लावून हा भेदभाव संपवण्यात आला. सेडानवाल्यांचा तेवढा एक नैतिक विजय होता, तोही गेला.

हे सगळं आठवायचं कारण आमचे साडूभाऊ. त्यांच्याकडे बीएमडब्ल्यूची एक्स फाइव्ह आहे आणि त्यांच्या चिरंजीवांकडे त्याच कंपनीची एम थ्री-फोर्टी आय, म्हणजे थ्री सिरीजमधली सगळ्यात खोडकर सेडान. एका घरात दोन अशा गाड्या असल्यावर तिसऱ्या माणसाने काय करावं? मी दोन्ही चालवून घेतो. माझ्या स्वतःच्या गाडीबद्दल इतकंच सांगतो की ती व्हॅलेला द्यायची वेळ आली की तो किल्ली दोन बोटांत धरतो.

या दोन गाड्यांची तुलना मला रंजक वाटते, कारण दोघींच्या पोटात इंजिन एकाच घराण्यातलं आहे. तीन लिटरचं, सहा सिलिंडर एका रांगेत असलेलं, टर्बो लावलेलं पेट्रोल. ताकदही जवळजवळ सारखी, पावणेचारशे अश्वशक्तीच्या आसपास. फरक देहयष्टीचा. सेडान साधारण पावणेदोन टनांची, एक्स फाइव्ह सव्वादोन टनांच्या घरात. मधला फरक अर्ध्या टनाचा. जुनी मारुती आठशे अख्खी साडेसहाशे किलोच्या आसपास भरायची, तेव्हा साडूभाऊ चिरंजीवांपेक्षा जवळजवळ पाऊण मारुती जास्त घेऊन फिरतात असं म्हणायला हरकत नाही. एवढं ओझं घेऊनही कंपनी सांगते की एक्स फाइव्ह शून्यापासून शंभरच्या वेगाला ५.४ सेकंदांत पोचते. सेडानला ४.४ सेकंद लागतात. या वाचलेल्या एका सेकंदाचं चिरंजीव पुढे काय करतात ते कळत नाही. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर दोघंही मागे-पुढेच उभे असतात.

मागे महाबळेश्वरला सगळा गोतावळा निघाला तेव्हा साडूभाऊंची कंबर धरली होती. ‘भाऊजी, तुम्हीच घ्या हो स्टिअरिंग,’ ते म्हणाले. एवढं म्हणायला त्यांना जितका वेळ लागला त्याच्या आत मी वर चढलो होतो.

चढलो हे खरंच. सीटवर बसलं की पहिल्यांदा बॉनेट दिसतं, मग त्याच्यापलीकडे लोकांच्या गाड्यांची टपं. कंपाउंडच्या भिंतीवरून शेजाऱ्यांची बाग दिसते. सिग्नलला पीएमपीच्या ड्रायव्हरशी थेट नजरानजर होत नसली तरी आपण त्याच्या जातकुळीतले आहोत असा भास होतो. कात्रजचा बोगदा, शिरवळ, खंबाटकी हे सगळं इतक्या बिनबोभाट मागे गेलं की सुरूर फाट्याला वळताना मला वाटलं, आपण अजून गाडी चालवायला सुरुवातच केलेली नाही. एअर सस्पेन्शन खड्डा पडल्याचं फक्त कळवतं, त्याबद्दल तक्रार करत नाही. आणि वेगाचं तर विचारू नका. साठच वाटत होते म्हणून काट्याकडे पाहिलं तर तो शंभराला टेकायला आलेला. यात जादू काही नाही. डोळे जमिनीपासून जितके वर, तितका खालून सरकणारा रस्ता संथ वाटतो. विमानात बसून कोणाला वेग जाणवतो? ई-चलान पाठवणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र ही सवलत नसते. आपण किती उंच बसलो होतो हे तो बघत नाही.

वाईच्या ढोल्या गणपतीला हात जोडून पसरणी घाटाला लागलो आणि मागच्या सीटवरचं वातावरण पालटलं. मागे मावशी होत्या. मावशींच्या पर्समध्ये आवळासुपारीची चपटी डबी, एक लिंबू आणि घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी कायम असते. पहिल्या मोठ्या वळणाला डबी उघडल्याचा ‘टक’ आवाज आला. दुसऱ्या वळणाला लिंबू नाकाशी गेलं. मी आरशात पाहत होतो. तिसऱ्या वळणाला पिशवीची घडी उलगडू लागली, तेव्हा मी वेग तीसवर आणला.

दोष गाडीचा म्हणाल तर नाही, भूगोलाचा आणि उंचीचा. गाडी जितकी उंच, तितका तिचा गुरुत्वमध्य वर. वळणावर सगळं वजन बाहेरच्या चाकांवर लोटतं आणि अंग बाहेरच्या बाजूला कलतं. आतली माणसंही उंचावर बसलेली, त्यामुळे डोकी या वळणाला इकडे, त्या वळणाला तिकडे जास्त झुलतात. सपाट हायवेवर हीच उंची आरामाची वाटते. घाटात ती पोटातून जाणवते. एक्स फाइव्ह हा कल बराच आवरते, तिच्या वजनाच्या मानाने तर कमालीचा आवरते. पण निसर्गनियमाला हप्ते पाडून देता येतात, माफ करून घेता येत नाही.

एका आखूड वळणावर वरून एसटी आली. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियम आहे. एसटीच्या ड्रायव्हरने एकदा आमच्याकडे पाहिलं, गाडीचा आकार जोखला आणि थांबला. मी हात वर करून आभार मानले. नियमापुढे थांबला की आकारापुढे, हा प्रश्न मला तेव्हा पडला. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं.

सकाळी बाकी सगळे झोपलेले असताना चिरंजीवांकडून किल्ली घेतली आणि सेडान काढली. सेडान काढणं हा वेगळा विधी आहे. आधी पाठ आत, मग डोकं, मग एकेक पाय. पाटावर बसून जेवायची सवय मोडल्यापासून पुणेकरांचे गुडघे असल्या गोष्टींना तयार नसतात. आत बसल्यावर जग एकदम मोठं होतं. पुढचा टेम्पो ट्रकएवढा, आणि ट्रकचं तर नुसतं चाकच दिसतं, नटांसकट. २०१५ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी घातली, तरी ते कुठे कुठे अजून शिल्लक आहे. सेडानमधून ते मान वर करून, शिलालेख वाचावा तसं वाचावं लागतं.

पण पाचगणी सोडून घाट उतरायला लागलो आणि काय सांगू! चाळीसच्या वेगाला गाडी बोलायला लागली. जुनं डांबर संपून नवा पट्टा सुरू झाला हे तळहातांना आधी कळलं, डोळ्यांना नंतर. वळणाच्या आतल्या कडेला सांडलेली बारीक खडी टायरखाली चुरचुरली ती सीटमधून ऐकू आली. स्टिअरिंग बोटभर वळवावं, नाक बोटभरच वळतं. ब्रेकवर पाय किती ठेवायचा, वळणात कधी सोडायचा, बाहेर पडताना ॲक्सिलरेटर केव्हा दाबायचा, या सगळ्याचा हिशोब गाडी मागत होती आणि बरोबर दिला की शाबासकीही देत होती. खाली धोम धरणाचं पाणी पसरलेलं. ते मी पाहिलं का? नाही. कठड्यावरची माकडंसुद्धा नीट पाहिली नाहीत. काट्यावर पन्नास होते. पन्नास! आदल्या दिवशी शंभराला जांभई येत होती.

माझं सगळं म्हणणं एवढ्याच जागी आहे. आपल्या रस्त्यांवर खराखुरा वेग कुठे वापरणार? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारीला शंभराची मर्यादा, घाटात साठ. तेव्हा जी गाडी कमी वेगात जास्त मजा देते तीच चालवणाऱ्याच्या फायद्याची. उंच गाडीत मजा यायला वेग लागतो आणि तो लागतोय हे कळतही नाही. बुटक्या गाडीत मजा पन्नासलाच सुरू होते आणि खिशाला, म्हणजे चलानाला, परवडते.

आणि तरीही मी एसयूव्ही विकत घेणाऱ्यांना वेड्यात काढणार नाही. त्याच वळणावर पुन्हा एसटी भेटली. घाट उतरून मी आता वर येत होतो, म्हणजे वाट माझीच. या वेळी मला तिचा फक्त बंपर दिसला आणि तो थांबला नाही. मी कडेला, अगदी दगडी कठड्याला चिकटून उभा राहिलो.

शिवाय गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप घालून दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, मध्यभागी उंची फक्त १० सेंटिमीटर, ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता यावा असा. असा गतिरोधक कोणी पाहिला असल्यास कळवावं. आमच्या सोसायटीतला गतिरोधक कमिटीच्या एका सभासदाच्या रागातून निर्माण झालेला आहे. त्याची उंची त्या दिवशीच्या रागाइतकी, आणि रुंदी उरलेल्या सिमेंटइतकी. एक्स फाइव्हचा ग्राउंड क्लिअरन्स २१४ मिलिमीटर, सेडानचा साधारण साडेपाच इंच. साडूभाऊ तो गतिरोधक फोनवर बोलत ओलांडतात. चिरंजीव आधी थांबतात, मग तिरके होतात, मग एकेक चाक चढवतात, आणि तरी शेवटी खालून ‘खर्रर्र’ असा आवाज येतो. तेवढ्या वेळात वॉचमन येऊन सूचना करून जातो.

पेठांत मात्र पारडं फिरतं. एक्स फाइव्ह दोन मीटर रुंद आणि जवळजवळ पाच मीटर लांब. सदाशिव पेठेतल्या आमच्या काकूंकडे साडूभाऊ गाडीने जातात म्हणजे टिळक रस्त्यावर कुठेतरी गाडी लावून रिक्षाने जातात.

आणखी एक गंमत आपल्या देशाची. थ्री सिरीज जगभर ओळखली जाते ती चालवणाऱ्याची गाडी म्हणून. आपल्याकडे तिची लांबवलेली आवृत्तीही विकली जाते, मागच्या सीटवर पाय पसरता यावेत म्हणून. चालवण्यासाठीच बनवलेली गाडी घ्यायची आणि स्वतः मागे बसून पेपर वाचायचा, याला मोठं काळीज लागतं.

तर तुम्ही यातलं काही घ्यायच्या विचारात असाल, किंवा निम्म्या किमतीतलं, किंवा सेकंडहँड, तर एक विनंती. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला नेईल त्या गुळगुळीत रस्त्यावर जाऊन परत येऊ नका. गाडी आपल्या सोसायटीत आणा, कमिटीच्या गतिरोधकावरून न्या, पार्किंगच्या उतारावर चढवा. मागे घरातल्या एखाद्या मावशींना बसवा, डबीसकट. जमलं तर जवळचा एखादा घाट गाठा. वळणावर तुम्हाला हसू आलं तर सेडान घ्या. मागे डबी उघडली तर वेग कमी करा, मग काहीही घ्या. आणि गाडी ड्रायव्हरच चालवणार असेल, तर मुकाट्याने एसयूव्ही घ्या. मजा त्याला मिळो न मिळो, कंबर तुमची आहे.