ग्रबकाका

जवाहरनगरच्या वसाहतीत कुणाचा कॉम्प्युटर सुरू होईनासा झाला, तर ग्रबकाकांना निरोप धाडावा लागत नाही. त्यांना वास येतो. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत दारूगोळ्याच्या कामात उभी हयात गेली, निवृत्तीनंतर ठाणा पेट्रोल पंपाजवळ घर बांधलं, आणि जिवाला काही धास्ती उरली नाही म्हणून हार्ड डिस्क धरली.

चालू कॉम्प्युटर त्यांना आवडत नाही. "चालते का? चालू द्या," म्हणताना चेहरा असा पडतो, की यजमानालाच अपराधी वाटावं. पण काळ्या पडद्यावर 'नो सच पार्टिशन' आणि खाली 'ग्रब रेस्क्यू' उमटलं, म्हणजे कॉम्प्युटर उठवणारा ग्रब हा प्रोग्रामच अडला, की काका खुर्ची ओढतात.

"काऊन रे बाबू, विंडोजमंधून काही उडवलं का?"

बाबू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जागा कमी पडली म्हणून डिस्क मॅनेजमेंट उघडलं, तिथं एक बिननावाचं पार्टिशन दिसलं, ते पुसलं. विंडोजला लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम वाचता येत नाही, म्हणून नाव दिसत नव्हतं. आत त्याचा सगळा प्रोजेक्ट होता.

"सातबाऱ्यावरून नाव गेलं," काका म्हणतात, "वावर थोडंच गेलं?" आणि हे खरंच आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्या ५१२ बाइटांतले फक्त ६४ बाइट पार्टिशनच्या नोंदीचे; चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइट. पुसली जाते ती नोंद. वर दुसरं काही लिहिलं नाही, तर माल जागच्या जागी असतो.

मग निर्माणीतली शिस्त सुरू होते. मोबाइल बाजूला. काडेपेटीसुद्धा बाजूला, का ते विचारायचं नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स उठवायचं, 'एलएसबीएलके' मारून डिस्कांची यादी आणायची आणि ती बाबूनं मोठ्यानं वाचायची.

"एसडीए?"

"पाचशे जीबी, काका."

"एसडीबी?"

"एक टीबी. बाहेरची."

"पुन्हा वाच."

कारण पुढची आज्ञा 'डीडी', डिस्कची हुबेहूब नक्कल करणारी. कुठून आणि कुठं यांची अदलाबदल झाली, तर ती न विचारता कोरी डिस्क भरल्या डिस्कवर ओतते. एवढ्या निर्दयपणे आज्ञाधारक प्राणी मी सरकारी खात्यातही पाहिलेला नाही. जुन्या यूएसबीवर पाचशे जीबीची नक्कल उतरायला अख्खी दुपार जाते. तोवर बाबूच्या घरच्या वहिनींचा दोनदा चहा, एकदा पोहे, आणि काकांची आवडती तक्रार: २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या, भंडारा म्युनिशन्स इंडियाकडे गेलं. "सात पार्टिशन! जुन्या टेबलात प्रायमरी चारच बसतेत. म्हंजे सरकार नव्या टेबलावर, जीपीटीवर गेलं. पन बॅकअप घेतला का, ते कोनी सांगत नाही."

संध्याकाळी 'टेस्टडिस्क'नं हरवलेलं पार्टिशन हुडकलं, नोंद परत चढली, ग्रबचा मेनू उगवला. बाबूचा प्रोजेक्ट जसाच्या तसा. वहिनींनी सुटकेचा श्वास घेतला, बाबूनं पाय धरले. काका मात्र हिरमुसले. एकदा चालू झाल्यानं काही सिद्ध होत नाही म्हणून त्यांनी कॉम्प्युटर आणखी दोनदा बंद करून चालू केला. दोन्ही वेळा निमूट सुरू झाला.

तेवढ्यात कोपऱ्यात नव्या कर्नलच्या अपडेटची सूचना आली. "अरे वा!" म्हणत काकांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली, आणि वहिनींनी आतूनच विचारलं, "काका, जेवूनच जाल ना जी?"