माशीकाका

प्रत्येक सोसायटीत एक पार्किंगवाले काका असतात आणि एक टाकीवाले. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत माशीकाकाही आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यावर हाताखाली कुणी उरलं नाही, तेव्हा ते स्वतःच माश्यांच्या सेवेत रुजू झाले.

त्यांच्यापुढे नुसतं ‘माशी’ म्हणायची सोय नाही. ‘कोणती? सातेरी, फुलोरी, आग्या की पोयाची?’ आपण गप्प, की व्याख्यान सुरू. पेट्यांमधली मेलिफेरा परदेशी पाहुणी, सातेरी आपली. पोयाची तर डंखही मारत नाही. मीटर रूमच्या भिंतीतल्या फटीत तिचं घर आहे. तोंडाशी मेण-राळेची बोटभर नळी, आत-बाहेर करणाऱ्या मुंगीएवढ्या काळ्या माश्या. ती फट बुजवू नये म्हणून प्लंबर, रंगारी आणि वॉचमन या सगळ्यांना काकांचा तोंडी हुकूम आहे.

या सेवेचा खर्च काकूंच्या खात्यावर पडतो. झोपाळ्याच्या लाकडात भुंग्याने भोक पाडलं, काकूंनी सुतार बोलावला. काकांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. झोपाळा आता भुंग्याचा. गुलाबाच्या पानांतून गोल गोल तुकडे गायब झाले, काकूंना कीड वाटली. ‘पानकापी माशी आली!’ म्हणून काकांनी पेढे वाटले. कढीपत्त्यावर फुलपाखरांच्या अळ्या पोसल्या जातात आणि आमटीसाठी कढीपत्ता मंडईतून येतो. तुळशीवरून तर रीतसर वाटण्या झाल्या. मंजिऱ्या खुडल्या की तुळस डेरेदार होते, हे काकूंचं म्हणणं खरंच आहे. म्हणून वृंदावनातली त्यांची, खिडकीतल्या दोन काकांच्या. त्या दोन्ही मंजिऱ्यांनी लगडलेल्या, आणि सकाळभर फुलोरी माश्यांनी.

वार्षिक सभेत औषधफवारणीचा विषय निघाला आणि काकांनी माईकच ताब्यात घेतला. वांग्या-टोमॅटोच्या फुलात पराग पुंकेसरांच्या आत कोंडलेले असतात, टोकाच्या भोकातून ते झटकून काढावे लागतात. मधमाशीला ते जमत नाही. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतात. हे सांगून न थांबता काकांनी माईकला मिठी मारून ‘घूंऽऽ’ करून दाखवलं. पहिल्या रांगेतलं एक पोर भोकाड पसरून रडलं. फुललेल्या झाडांवर फवारणी नाही, बाकी ठिकाणी सूर्यास्तानंतर, हा ठराव एकमताने मंजूर झाला. लोकांना जेवायचं होतं. त्याच घाईत काकांनी बागेचा कोपराही पेव्हर ब्लॉकमधून सोडवून घेतला. ती निळ्या पट्ट्यांची माशी मातीत बीळ करते ना!

आग्या मोहोळापुढे मात्र काका शहाणपणा करत नाहीत. टाकीखाली पोळं लागलं तेव्हा त्यांनी गच्चीला कुलूप लावलं, रात्रीचे दिवे बंद करायला लावले (दिव्यावर त्या झेपावतात), आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला फाटकातूनच परत पाठवलं. ‘हंगाम संपला की आपण होऊन उठतात.’ पावसाच्या तोंडावर उठल्या. काकांनी नोटीस बोर्डावर त्यांच्या निरोपाचं पत्रक लावलं.

तुमच्याही सोसायटीत असे काका असतील. त्यांना चिटणीस करू नका, सभा संपणार नाही. बागेची किल्ली मात्र निर्धास्त द्या, आणि फवारणीवाल्याचा नंबर त्यांनाच विचारून फिरवा.