आत जाणार आहे, कोण बघतंय?

मूर्खांची स्तुती करायची आहे, आणि ती मनापासून करायची आहे. मूर्ख हा शब्द मी साइटवरच्या हिशेबाने वापरतो, आणि त्या हिशेबात तो अगदी बरोबर बसतो. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत, जे काम उद्या सकाळी काँक्रीटखाली गाडलं जाणार आहे आणि ज्याचा फायदा आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी कारागिराला होणार आहे, ते काम नीट करणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या इमारतींच्या साइटवर हा प्रश्न कुणी ना कुणी मोठ्याने विचारतोच: "अरे, आत जाणार आहे, कोण बघतंय?" प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याला व्यवहारात उत्तर नाही. तरीही काही माणसं ऐकत नाहीत. ती पुन्हा वाकतात आणि सुटलेली तार परत आवळतात.

त्यातला पहिला मूर्ख म्हणजे फिटर, अर्थात लोखंड बांधणारा. कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवती ठरावीक अंतराने रिंगा असतात. रिंग म्हणजे साधारण ८ मिलिमीटरच्या सळईची चौकट, आणि तिची दोन टोकं जिथे भेटतात तिथे हूक. भूकंपाचा विचार करून केलेलं भारतीय मानक, आयएस १३९२०, सांगतं की हा हूक १३५ अंशांपर्यंत आत वळवा आणि पुढचा सरळ तुकडा किमान ६५ मिलिमीटर कॉलमच्या गाभ्यात जाऊ द्या. व्यवहारी माणूस ९० अंशांवर थांबतो. लांबून पाहिलं तर दोन्ही रिंगा सारख्याच दिसतात. ९० अंशांची रिंग पटकन वळते, सळ्यांच्या पिंजऱ्यात सहज शिरते आणि हात सोलत नाही. शिवाय लोखंडकामाची मजुरी सहसा वजनावर ठरते, टनाला इतके रुपये. हूक आणखी पंचेचाळीस अंश वळवल्याने टनात भर पडत नाही, दिवस मात्र लांबतो. एका मजल्यावर अशा शेकडो रिंगा असतात. प्रत्येक रिंगेवर तो माणूस स्वतःच्या मजुरीतला थोडा वेळ उधळत असतो.

आणि बीम जिथे कॉलमला मिळतो त्या जोडात तर त्याच्या वेडाची हद्द होते. चारही बाजूंनी बीमच्या सळ्या तिथे येऊन घुसलेल्या असतात आणि हात आत जायला जागा उरत नाही. त्या गर्दीत रिंगा घालणं हे सगळ्यात किचकट काम, म्हणून नेमक्या तिथल्याच रिंगा गाळल्या जातात. वरून पाहणाऱ्याला त्या दाट जाळीत एखादी रिंग कमी आहे हे कळणंही कठीण. तिथे पकड घेऊन आडवा पडणारा, दोन बोटांनी तार फिरवत बसणारा फिटर मी पाहिला आहे, आणि मला त्याच्याबद्दल जो आदर वाटतो तो फार थोड्या लोकांबद्दल वाटतो.

कारण २६ जानेवारी २००१ रोजी भूज हादरलं तेव्हा दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्येही बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांची कारणं अनेक होती. खाली पार्किंगसाठी भिंतींविना मोकळा सोडलेला मजला हे त्यातलं मोठं. पण कमी रिंगा आणि उघडलेले हूक हेही त्या ढिगाऱ्यांत दिसले. ९० अंशांच्या हुकाला बाहेरच्या काँक्रीटच्या थराचाच आधार असतो. हेलकाव्यात आधी तोच थर गळतो, मग हूक उघडतो, रिंग सैल होते, उभ्या सळ्या बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. आत वळवलेला हूक थर गळल्यावरही गाभ्याला धरून राहतो. किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको. ते पंचेचाळीस अंश कुठल्याही बिलात दिसत नाहीत, पण एखाद्या रात्री घरातली माणसं जिवंत राहणं त्यांच्यावर अवलंबून असू शकतं.

दुसरा मूर्ख सेंट्रिंगवाला सुतार. कॉलमची पेटी उभी करताना तो ओळंबा सोडतो, दोरा थांबेपर्यंत वाट पाहतो, ठोकाठोकी करतो आणि पुन्हा ओळंबा सोडतो. एका मजल्याला एक सूत फरक पडला तर तो डोळ्याला दिसत नाही. पण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तोच फरक त्याच दिशेने वीस मजले साचला तर अडीच इंच होतो, आणि तेवढा झोक बाहेरच्या प्लास्टरमध्ये लपवता येत नाही. सुताराने सूत राखलं नाही की प्लास्टरवाल्याला कुठे जाड, कुठे पातळ थर चढवावा लागतो. प्लास्टरवाल्याचा दर चौरस फुटावर असतो. जाड थराला वेगळा दर मिळणं दुर्मीळ. म्हणजे सुतार ओळंब्याकडे पाहत जी दहा मिनिटं घालवतो, ती तो प्लास्टरवाल्याच्या खिशात टाकत असतो. दोघांची गाठ पडत नाही. सुताराची टोळी वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावी गेलेली असते.

मला ज्या मूर्खपणाची स्तुती करायची आहे तो हाच. मोठ्या इमारतीत एकाचं काम दुसऱ्याच्या हाती जातं, आणि हाती देताना त्यात आपल्या मजुरीचा एक तुकडा गुपचूप घालून देणारी माणसं असतात. ठेकेदाराच्या करारात याची कुठेच तरतूद नसते. ड्रॉइंगवरही ते नसतं. तरीही यावाचून एकही मजला सरळ उभा राहत नाही.

स्लॅबवरचा इलेक्ट्रिशियन पाहा. खालच्या जाळीवर तो पाइप अंथरतो आणि त्यावर वरचं लोखंड येतं. पंख्याच्या डब्यात तो कागद किंवा भुसा ठासून भरतो आणि पाइपाचं तोंड टेपने बंद करतो, म्हणजे काँक्रीटचं दूध आत शिरणार नाही. वळणं मोठी ठेवतो. एखादी सळई आड आली तर ती स्वतः सरकवत नाही, फिटरला हाक मारतो. हे सगळं कुणासाठी? कित्येक महिन्यांनी येऊन त्या पाइपातून वायर ओढणाऱ्या माणसासाठी. तो बहुधा दुसराच कुणी असतो. एका डब्यात सिमेंट गेलं, तर त्या वायरमनला तयार छतावर छिन्नी चालवावी लागते, आणि छिन्नी कुठे थांबेल याचा नेम नसतो.

प्लंबरचंही तेच. बीममधून पाइप जायचा असेल तर बीम भरण्याआधी तिथे मोकळी नळी बसवून ठेवायची असते, आणि ती कुठे चालेल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून. ती विसरली तर पुढे कुणीतरी ड्रिल घेऊन येतो आणि भोकासोबत सळईही कापून जातो. वेळेवर ती नळी बसवणारा प्लंबर स्लॅबच्या धावपळीत सगळ्यांच्या पायात येतो आणि त्याला शिव्या बसतात. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातलं पट्टामुंडई हे ठिकाण प्लंबरांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. या विद्येची संस्थाही तिथे आहे. मुंबई-पुण्याच्या साइटवर असा उडिया प्लंबर, बंगाल किंवा बिहारचा फिटर, राजस्थानचा फरशीवाला आणि मराठवाड्यातून आलेला गवंडी एकाच मजल्यावर असू शकतात. हिंदी सगळ्यांना थोडी थोडी येते. बाकीचं काम खडू करतो: प्लायवर बाण, गोल, फुली. इथे खिळा मारू नकोस, खाली पाइप आहे. खडूच्या त्या फुलीचे पैसे कोणी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

संडास-बाथरूमचा खाली बसवलेला स्लॅब ही आणखी एक जागा. वॉटरप्रूफिंगवाला तिथे विटांच्या तुकड्यांचा कोबा करतो, कोपरे गोल करतो, उतार नहाणी ट्रॅपकडे नेतो आणि मग पाणी भरून काही दिवस तसंच ठेवतो. खालच्या मजल्यावर जाऊन तो छत पाहतो. ओल दिसली तर पुन्हा सुरुवात. कामाला घाई असते आणि फरशीवाल्याची टोळी दारात उभी असते. एकदा वर फरशी बसली की त्या उताराचं तोंड पुन्हा कोणी पाहणार नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. हा कायदा चांगला आहे आणि तो फार आधी यायला हवा होता. पण नीट केलेला कोबा या पाच वर्षांच्या पुढे कित्येक वर्षं गळत नाही, आणि तेवढ्या काळाची हमी त्या कारागिराकडे कुणी मागितलेली नसते. ती त्याने स्वतःच दिलेली असते.

पाणी मारणाऱ्यांचा उल्लेख बांधकामाच्या कौतुकात कधी येत नाही, म्हणून मी इथे थोडं थांबतो. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेने ते घट्ट होतं, आणि त्यासाठी ते ओलं राहावं लागतं. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस. आपल्याकडे बरंचसं सिमेंट या दुसऱ्या प्रकारचं असतं. स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचं, कॉलमला गोणपाट गुंडाळायचं आणि ते वाळू द्यायचं नाही. उन्हाळ्यात दुपारी ते तासाभरात कोरडं पडतं. हे काम बऱ्याच ठिकाणी बायका करतात, आणि त्याची गणना बिगारीत होते. माझं स्पष्ट मत आहे की हे कुशल काम आहे. चौथ्या दिवशी कॉलम वरून कोरडा दिसतो, साइट इंजिनिअर रजेवर असतो, टँकर उशिरा येतो, आणि तरीही एखादी बाई पाइप ओढत जिन्याने वर जाते. २८ दिवसांनी प्रयोगशाळेत काँक्रीटच्या नमुन्याचा जो क्यूब फोडतात, तो टाकीतल्या पाण्यात निवांत पडून असतो. खऱ्या कॉलमची ताकद त्या बाईच्या जिना चढण्यावर ठरते. तिला मिळणारा रोज हा या सगळ्या गोष्टीतला लाजिरवाणा भाग आहे.

हा वेडेपणा नवा नाही. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभं राहिलं. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, घुमटावरच्या 'प्रगती'च्या पुतळ्याचे शिल्पकार म्हणून थॉमस अर्प यांचं नाव सांगितलं जातं. बाकीचं दगडकाम, म्हणजे पानं, पक्षी, प्राणी, कमानींची नक्षी, हे जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी आणि इथले पाथरवट यांच्या हातचं. त्यातलं कितीतरी इतक्या उंचीवर आहे की लोकल पकडायला धावणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. तरी पानाच्या शिरा पानाच्या शिरांसारख्याच कोरलेल्या आहेत.

आजच्या फिटरकडे त्या पाथरवटाकडे नसलेली एक गोष्ट आहे: खिशातला फोन. काँक्रीटची गाडी फाटकात येऊन थांबलेली असते, मुकादम ओरडत असतो, आणि हा माणूस कॉलमच्या पिंजऱ्याचा फोटो काढतो. मग तो गावाकडच्या भावाला, दुसऱ्या साइटवरच्या मित्राला पाठवतो. तिकडून प्रश्न येतो: रिंगांमधलं अंतर किती ठेवलंस? जोडात किती घातल्यास? असं एका साइटवरचं कसब दुसऱ्या साइटवर पोचतं. कामाच्या वेळात फोन हातात दिसला म्हणून कित्येकांना दटावलं जातं. मला वाटतं, त्या फोटोइतका खरा पुरावा त्या इमारतीबद्दल दुसरा नसतो. तासाभराने तो कॉलम कायमचा झाकला जातो.

फाटकावरच्या फलकावर बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट आणि महारेराचा क्रमांक असतो. लोखंड बांधणाऱ्या टोळीचं नाव कुठेच नसतं. १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम कामगारांसाठी उपकर आणि कल्याण मंडळ आलं. त्यात नोंद व्हायला मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि साइटमागून साइट बदलणाऱ्या माणसाला तो मिळवतानाच अनेक दिवस घालवावे लागतात. ज्याने कॉलमच्या आत आपलं काम ठेवलं, त्याच्याकडे आपण काम केलं हे सांगणारा कागद नसतो.

ताबा देताना सोसायटीला नकाशे, परवाने, लिफ्टची कागदपत्रं यांची फाइल मिळते. त्याच फाइलमध्ये प्रत्येक मजल्याचे, काँक्रीट पडण्याआधीचे फोटो असावेत: लोखंडाचे, पाइपांचे, पाण्याने भरलेल्या बाथरूमचे. प्रत्येक फोटोखाली तारीख, आणि ते काम करणाऱ्या टोळीतल्या प्रत्येकाचं नाव, बायकांसकट. त्याच पानाची सही-शिक्क्याची प्रत त्या कामगाराला मिळावी, म्हणजे पुढच्या नोंदणीला तीच दाखला म्हणून चालेल. हुकाचे पैसे टनाबाहेर, नगावर मोजावेत. याला फार खर्च येत नाही. फोटो तर त्यांनी काढलेलेच आहेत, ते फक्त मागून घ्यायचे आहेत.