ट्रॅक्टरना विमा शे ना, भो?

"मास्तर, रात्री गल्लीत एवढी गर्दी कसानी व्हती?" जिभाऊंनी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवलं. म्हणजे अर्धा तास पक्का.

"आप्पांची ट्रॉली कलंडली ना, दोंडाईच्याच्या रस्त्याला. कापूस भरलेली. माणसं वाचली, पण ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल गेला आणि ट्रॉली पार चेपली."

"मंग काय घोर? विमा शे ना!"

"कोणता, एक रुपयावाला?" वहिनींनी आतून विचारलं. आपल्या शिंदखेड्यात विमा म्हटलं की आधी पिकाचाच आठवतो. 2023 च्या खरिपात सरकारनं रुपयात पीकविमा दिला, 2025 ला ती सोय काढून घेतली. पण त्याचा ट्रॅक्टरशी काडीचा संबंध नाही.

आप्पांकडे विमा आहे, पण नुसता थर्ड पार्टी. सक्तीचा तेवढाच. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानं रस्त्यावर गाडी काढायची तर तो लागतोच. नसला तर पहिल्या खेपेला 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. त्यातून भरपाई मिळते ती समोरच्याला. आपला ट्रॅक्टर उलटला, जळाला, चोरीला गेला, तर दमडी नाही. त्यासाठी फुल्ल विमा काढावा लागतो. कर्ज असेपर्यंत बँक तो काढायला लावते, आणि हप्ते फिटले की आपण पहिली कात्री लावतो ती त्यालाच. आप्पांनीही तेच केलं, असं आक्कांकडून कळलं. आक्कांना कळलं म्हणजे आता विरदेलपर्यंत कळलं असेल.

"मना फुल्ल शे," म्हणत जिभाऊंनी बियाण्याच्या रिकाम्या पिशवीतून पॉलिसी काढली. आरसी, सातबारा, खताच्या पावत्या, सगळं त्यातच. पहिलं पान भिंतीवर पसरलं, उडू नये म्हणून वर अडकित्ता ठेवला.

आधी किंमत बघितली. तीन वर्षं उलटली की नव्या गाडीच्या किमतीतून 40 टक्के घसारा जातो, चार उलटली की 50. ट्रॅक्टर चोरीला गेला तर हिशेब त्या उरलेल्या रकमेचा. टायर-ट्यूब बदलायचे झाले तर साध्या पॉलिसीत कंपनी निम्मेच पैसे देते. एवढं ऐकूनच जिभाऊंचा चेहरा उतरला. त्याखाली ट्रॉलीचा रकाना होता, आणि रकान्यात शून्य.

"ट्रॉलीले इंजिन तरी शे का? तिना विमा कसाले?"

इंजिन नसलं तरी कायद्याच्या लेखी ट्रॉली वेगळं वाहन आहे. तिचा नंबर वेगळा, विम्याचे पैसेही वेगळे. एजंटानं विचारलं नाही, जिभाऊंनी सांगितलं नाही. मग आसनक्षमता: 1. म्हणजे फक्त ड्रायव्हर. इथं मडगार्डवर दोघं बसल्याशिवाय ट्रॅक्टर चालू होत नाही आणि ट्रॉलीत कापूस वेचणाऱ्या बाया दाटीवाटीनं बसून येतात. त्यांच्यातलं कुणी पडलं तर कंपनी हात वर करते. आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात वापर: शेतीकामासाठी.

"मास्तर, त्या वाळूच्या खेपा..." वहिनी बोलायला लागल्या, तसे जिभाऊ खाकरले. पांझरेची वाळू म्हणजे काही शेतीकाम नव्हे, हे त्यांनाही ठाऊक आहे.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत असा एक खटला गेला होता, 2007 चा. वीटभट्टीसाठी माती खोदणारा मजूर ट्रॉलीवर होता आणि जखमी झाला. विमा ट्रॅक्टरचा, तोही शेतीपुरता; ट्रॉलीचा नव्हताच. कंपनीची जबाबदारी नाही, असंच न्यायालयानं म्हटलं. मजूर गरीब म्हणून कंपनीनं आधी त्याला पैसे द्यावेत आणि नंतर ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. मजुराला न्याय मिळाला, चांगलंच झालं. पण अशा वसुलीत जाते ती मालकाची जमीन.

लायसनचं एक बरं झालंय. नोव्हेंबर 2024 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं, की हलक्या वाहनाचं लायसन असलेल्याला साडेसात हजार किलोंच्या आतलं मालवाहू वाहनही चालवता येतं. पण लायसनच नाही, चौदा वर्षांचं पोरगं स्टिअरिंगवर, हे चाललं आहे त्याचं काय? जिभाऊंचा नातू तेवढ्यात घरात सटकला.

"रोटाव्हेटर तरी त्यात येस ना?" येत नाही. पेरणी यंत्र, मळणी यंत्र यांचंही तेच, वेगळं बोलून वेगळे पैसे भरल्याशिवाय धरत नाहीत. शेतातल्या सौरपंपाचं उलटं. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पाच वर्षांच्या दुरुस्ती हमीबरोबर विमाही आहे, तरी प्लेटा चोरीला गेल्या की निम्मे लोक पोलिसात जातच नाहीत. एफआयआर नाही तर पैसे कोण देईल?

आक्का पलीकडून आल्याच. म्हटलं, आक्का, आता हे गल्लीभर सांगा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना एप्रिल 2023 पासून विमा कंपनीकडे राहिलेली नाही, सरकार थेट अनुदान देतं. शेतकरी किंवा घरातलं एक माणूस, वय 10 ते 75. अपघाती मृत्यूला 2 लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर 1 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कचेरीत करायचा, एजंटाला एक पैसाही द्यायचा नाही.