मिल्ड्रेडबाईंच्या पाट्या

"सीमा, ये गं जरा कुंपणाशी. मिल्ड्रेडबाईंनी काय केलं माहितेय?"

"कोण मिल्ड्रेड? चर्चच्या मागच्या?"

"छे गं, अमेरिकेतल्या! काल नातवाने सिनेमा लावून दिला, 'थ्री बिलबोर्ड्स आउटसाइड एबिंग, मिझुरी'. २०१७चा. फ्रान्सिस मॅकडोरमंडला ऑस्कर मिळालं बघ त्यासाठी."

"गोष्ट काय पण?"

"तरणीताठी लेक. अत्याचार करून मारली, जाळली. सात महिने झाले, पोलिसांच्या हाती शून्य. मग बाईने आडरस्त्यावरचे तीन जुने होर्डिंग भाड्याने घेतले. लालभडक, वर काळी अक्षरं. पोलीसप्रमुख विलोबीला नाव घेऊन जाब!"

"बरोबरच केलं."

"हो, पण विलोबी वाईट नाही गं. त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर. ठाण्यात हिला दरडावता दरडावता खोकल्याची उबळ येते आणि रक्त थेट हिच्या तोंडावर! म्हटलं, आता ही किंचाळणार. तर ही त्याला लेकरासारखं समजावते, मदतीला पळते."

"अगंबाई!"

"पुढे ऐक. शेवटच्या दिवशी मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालेलं. लेक गाडी मागते, ही देत नाही. 'चालत जाते, वाटेत कुणी अब्रू घेतली तर घेऊ दे,' म्हणते पोर. आणि ही म्हणते, घेऊ दे!"

"काकू, वास्तू तथास्तु म्हणते हो."

"तेच तर! आपण पोरांना दिवसातून किती वेळा 'मर मेल्या' म्हणतो? पाटीवर नाव विलोबीचं, पण जाब बाई स्वतःलाच विचारतेय, असं मला सारखं वाटत होतं."

"आणि पोलीस?"

"त्यातला डिक्सन म्हणजे पक्का हरामखोर. काळ्यांना छळणारा, घरी आईच्या मुठीत. होर्डिंगवाल्या रेडला त्याने खिडकीतून खाली फेकलं. नंतर मिल्ड्रेडबाई रात्री ठाण्यावर पेट्रोलच्या बाटल्या टाकतात. आधी फोन करून बघितलेला, कुणी उचलला नाही. आत नेमका डिक्सन! भाजतो, पण बाहेर पडताना हिच्या लेकीची फाइल वाचवतो. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर कोण? रेड! डिक्सनच्या तोंडभर बँडेज, रेड ओळखणार कसा? धीर देतो बिचारा. डिक्सन रडत माफी मागतो तेव्हा कळतं. रेड थरथरतो, रडतो. आणि मग ग्लासात संत्र्याचा रस ओततो, नळी त्याच्या तोंडाकडे वळवून ठेवतो."

"मी नसता दिला."

"मीही नसता. रस दिला म्हणजे माफ केलं, असं तरी कुठेय? तिकडे यावर वाद झाला, असल्या पोलिसाला इतक्यात माणसात आणला म्हणून. मला पटतं ते. ज्या काळ्या माणसाला त्याने छळलं, तो सिनेमात दिसतसुद्धा नाही. सिनेमा काढणारा मार्टिन मॅकडोना मुळात नाटकवाला, त्याचा डिक्सनवर जीव जडला असेल."

"सिनेमाच तो, काकू."

"सिनेमा कसला! लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसं गेली ना? २०१८मध्ये न्याय मागणाऱ्यांनी तीन गाड्यांवर अश्शाच लाल पाट्या लावून शहरात फिरवल्या."

"बरं, खुनी सापडला का शेवटी?"

"नाही."

"म्हणजे?"

"डिक्सन आणि मिल्ड्रेडबाई बंदूक घेऊन गाडीतून निघतात, भलत्याच एका बदमाशाला गाठायला. मारायचं की नाही ते वाटेत ठरवू म्हणतात. संपला."

"हे काय! दोन तास बसायचं आणि खुनी नाही?"

"तू बघ तर. शिव्या मात्र ढीगभर आहेत, सासूबाई झोपल्यावर लाव."