ताण

मे महिन्यात वरुड-मोर्शीकडे कोणाच्या संत्र्याच्या बगीच्यात गेलात, तर झाडांकडे पाहून सांत्वनाचे चार शब्द बोलावेसे वाटतात. पानं मलूल, कडा आत वळलेल्या, बुंध्याशी काळ्या जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा, खाली गळालेल्या पानांचा थर. मालक मात्र बाजेवर बसून चहा पितोय. विहिरीत पाणी आहे, मोटार धड आहे, त्या दिवशी चक्क वीजही आहे; तरी झाडाला घोटभर पाणी द्यायचं नाही. वर तो समाधानाने सांगतो, "ताण बरोबर बसला." नवखा पाहुणा गोंधळतो. मुलांना पोटभर जेवू घालणारा, दारच्या कुत्र्यालाही भाकर टाकणारा हा सज्जन माणूस दोन हजार झाडं उपाशी ठेवून खूश कसा?

आमचे एक मामा त्याच भागातले. त्यांचं म्हणणं दोन वाक्यांत संपतं. "झाडाले सुखात ठेवलं त थे पानंच काढते. उपाशी ठेवलं का मंग त्याले लेकरंबाळं आठवतात."

यात विनोद आहे तसं शास्त्रही आहे, आणि शास्त्राला ते कळायला बराच वेळ लागला. झाडांत एफटी नावाचा एक जनुक असतो. त्याच्या हुकमाने पानांत एक प्रथिन तयार होतं, ते फांदीतून प्रवास करत डोळ्यापर्यंत पोचतं आणि 'आता फूल' असा निरोप देतं. लिंबू-संत्र्याच्या कुळात हा जनुक दोन गोष्टींनी जागा होतो: थंडीने आणि पाण्याच्या टंचाईने. थंडी आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत येते, तीही पाहुणीसारखी. टंचाई मात्र घरचीच. म्हणजे वऱ्हाडातला बागायतदार पिढ्यान्‌पिढ्या पाटाचं पाणी अडवून एका जनुकाची कळ दाबत आला, आणि त्याला ती कळ कुठे आहे हे कोणी सांगितलेलं नव्हतं. थंडीच्या दिवसांत ताण देऊन जानेवारीत पाणी सोडलं की आंबिया बहार. त्याची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर. मे महिन्यात ताण देऊन जूनच्या पावसावर सोडला की मृग बहार. तो तोडायला फेब्रुवारी-मार्च. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो. भारी काळी जमीन हट्टी, ती ओल सोडत नाही. तिथे वाढ रोखणाऱ्या लिहोसिनची फवारणी करून झाडाची समजूत काढावी लागते. आणि ताण ऐन भरात असताना अवकाळी पावसाची एक सर आली, की सगळं मुसळ केरात. बहाराऐवजी नवती फुटते. इतकी हिरवीगार, तजेलदार की रस्त्याने जाणारा म्हणतो, "यंदा बगीचा काय झकास दिसतो हो!" अशा वेळी मालकाच्या तोंडाकडे पाहू नये.

हे सगळं आठवायचं कारण पीच. अकोल्याच्या फळबाजारात हल्ली उन्हाळा सरता सरता हिमाचलातले पीच दिसतात. कागदात गुंडाळलेले, गालाला लाली, अंगावर लव. विकणारा ते 'आडू' म्हणून देतो आणि घेणारा दोन वेळा दाबून पाहून सफरचंद घेऊन जातो. या पीचवर जगभरच्या शास्त्रज्ञांनी मात्र बरंच डोकं लावलं आहे. त्यांचा प्रश्न साधा होता: काही जाती फुलल्यापासून दोन-अडीच महिन्यांत पिकतात, काहींना सहा महिने लागतात, हे ठरवतं कोण? शोधत शोधत ते पीचच्या चौथ्या गुणसूत्रावर आले. तिथे 'नॅक' घराण्यातला एक जनुक बसलेला आहे. पिकण्याच्या तारखेचा मोठा कारभार त्याच्याकडे. तो स्वतः साखर करत नाही, रंग भरत नाही; बाकीच्या जनुकांना कामाला लावतो. त्याच्यात थोडा फेरफार असला की फळाची तारीख पुढेमागे सरकते.

आणि हा जनुक दोन्ही बाजूंनी, म्हणजे आईकडून आणि बापाकडूनही, तुटलेला आला तर? असं झाड अमेरिकेतल्या संशोधकांना सापडलं. त्याचं फळ वाढतं, पण पिकतच नाही. शेजारची झाडं मोकळी झाली, हंगाम उलटला, पानगळ आली, तरी हे आपलं टणक, हिरवट, फांदीला चिकटून. दरवर्षी पदवीधर होण्याच्या तयारीत असलेला एक तरी काका प्रत्येक कुटुंबात असतो, त्याची मला आठवण झाली. गंमत म्हणजे 'फँटेशिया' नावाच्या नावाजलेल्या नेक्टरीनमध्ये, म्हणजे बिनलवेच्या पीचमध्ये, याच तुटक्या जनुकाची एक प्रत दडलेली आहे. दुसरी शाबूत असल्याने तिचं काम भागतं.

पीच, केळी, आंबा, सीताफळ यांची एक जात. झाडावरून काढलं तरी ती घरी येऊन पिकतात. एक फळ पिकायला लागलं की इथिलीन नावाचा वायू सोडतं, आणि शेजारच्याला त्याची बाधा होते. सेंट पीटर्सबर्गच्या नेल्युबोव्हने 1901 मध्ये दिव्याच्या गॅसमधला हा वायू वाटाण्याच्या रोपांना वेडंवाकडं वाढवतो हे दाखवलं. झाड स्वतःच तो तयार करतं हे कळायला आणखी तीसेक वर्षं गेली. आमच्या आजीला त्या वायूचं नाव माहीत नव्हतं. तरी सीताफळाचे डोळे उघडले की ती फळं धान्याच्या कोठीत दडवायची, आणि तिसऱ्या दिवशी कोणी न सांगता घरभर वास सुटायचा. अंजनगाव-अकोटकडची केळी अशीच हिरवी, कडक घड कापून निघतात आणि शहरातल्या पिकवणीच्या खोल्यांत इथिलीन देऊन पिवळी होतात. कार्बाइडला कायद्याने बंदी आहे, इथिलीनला परवानगी आहे. ती असायलाच हवी. केळं तरी दुसरं काय करतं?

संत्र्याला हे जमत नाही. तोडलं त्या क्षणी ते जेवढं गोड असतं, तेवढंच राहतं. आढीत घाला, पोत्यात गुंडाळा, शेजारी पिकलेला आंबा ठेवा. आतला रस ढिम्म हलत नाही. 1910 मध्ये जमैकाच्या कझिन्स नावाच्या अधिकाऱ्याने जहाजवाल्यांना इशारा दिला होता की संत्री आणि केळी एकत्र ठेवू नका, केळी आधीच पिकतात. मागून लक्षात आलं, की तो उपद्व्याप बहुधा संत्र्यावर चढलेल्या बुरशीचा. म्हणजे उगाच संत्र्यावर नाव आलं. पिकवायची भानगड त्याच्या स्वभावातच नाही.

मला वाटतं, ताणाचा सगळा खटाटोप यातून आला असावा. पीचवाल्याला शेवट हलवता येतो; जात बदलली की तारीख बदलते, लवकर तोडलं तरी वाटेत थोडंफार निभतं. संत्रेवाल्याला शेवटाशी काहीच करता येत नाही, म्हणून तो सुरुवातीशी खेळतो. उपास कधी धरायचा आणि कधी सोडायचा, एवढंच त्याच्या हातात. त्यातही विहिरी आटलेल्या. वरुड-मोर्शीत भूजलाचा उपसा इतका झाला आहे की उपासानंतरचं पारणं कशावर करायचं हाही प्रश्नच असतो.

बरं, पिकलं हे ठरवायचं कसं? गिऱ्हाईक रंग पाहतं. पण संत्र्याचा रंग आणि गोडी यांचं फारसं सूत नाही. साल केशरी व्हायला गार रात्री लागतात. त्याशिवाय झाडावर सालीतलं हिरवं सहजी जात नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात आंबियाचं फळ आतून खायला तयार, बाहेरून हिरवंच. मामा देठाजवळ कात्री लावून एक फळ काढतात, तळहातावर तोलतात, अंगठ्याने खालून दाबतात. साल फोडीपासून सुटून पोकळ लागली तर पोला, म्हणजे उशीर झाला. घट्ट, जड आणि किंचित मऊ लागलं तर ठीक. मग सोलून अर्धं पुढ्यात ठेवतात. हिरव्या सालीतून निघालेली ती फोड खाल्ली की बाजारातल्या रंगावरचा विश्वास उडतो.

त्याच बाजारात मेण लावून चकचकीत केलेला पंजाबचा किन्नो येतो, आणि थंडीभर भगवा होऊन बसतो. वरुडला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणायची पद्धत आहे. तो किन्नो खऱ्या कॅलिफोर्नियातच जन्मला. रिव्हरसाइडच्या फ्रॉस्ट या शास्त्रज्ञाने संकर करून तो 1935 मध्ये लागवडीला दिला. नावावरून नातं लावलं की असे भाऊबंद निघतात. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाला रंग नसतो.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिवार फेरी असते, तेव्हा मामा आवर्जून जातात. पंजाबरावांच्या नावाच्या संस्थेला आपण प्रश्न विचारले नाहीत तर त्यांचा अपमान होईल, अशी त्यांची समजूत आहे. मागच्या फेरीहून परतताना मी त्यांना त्या न पिकणाऱ्या पीचची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. त्या वर्षी व्यापाऱ्याने इसार देऊन बगीचा धरला होता आणि भाव पडल्यावर तोडायला यायचं नाव घेत नव्हता. फळ झाडावर काही आठवडे राहतं, मग पोला होतं, मग गळतं. हे त्यालाही ठाऊक होतं.

"असा जीन संत्र्यात टाकता येईन का?" मामांनी विचारलं. "भाव येईपर्यंत पिकायचंच नाई."

मी म्हटलं, "पण मामा, मग ते कधीच पिकणार नाही. भाव आला तरी."

"त मंग त्या व्यापाऱ्यालेच देऊ थे झाडं," मामा म्हणाले, "इसार घेऊन."